नाताळ कोणी बंद केला?

दर वर्षी डिसेंबर उजाडला की एक निरोप फिरू लागतो. पूर्वी तो वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून यायचा, आता मोबाइलवर येतो. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. इंग्लंडातल्या अमुक शहराने मुसलमानांच्या भावना दुखावतील म्हणून नाताळ बंद केला. शाळेतले येशूजन्माचे नाटक रद्द झाले. दुकानातल्या नोकरांना 'मेरी ख्रिसमस' म्हणायची मनाई झाली. आणि शेवटी फोडणी: बघा, डोक्यावर बसवून घेतले की काय होते ते!

हा निरोप आम्हाला पाठवणारे बहुतेक आमचे चांगले मित्रच असतात. त्यांच्या मनात आमच्याविषयी किंतु नसतो. "तुम्ही त्यातले नाही हो, पण तिकडचे तुमचे लोक जरा अतीच करतात," एवढेच ते म्हणतात. आम्ही गप्प बसतो. खरे सांगायचे तर कित्येक वर्षे आम्ही ते मनातल्या मनात मान्यही केले होते. आपल्यातलाच कुणी आततायी तिकडे जाऊन काहीतरी मागून बसला असेल, अशी आमची समजूत. न केलेल्या अपराधाबद्दल मान खाली घालायची सवय आपल्या लोकांना फार लवकर लागते.

मग एकदा ठरवले की या गोष्टीच्या मुळाशी जायचे. नाताळ बंद करा अशी मागणी कोणी केली? कधी केली? आणि बंद झाला तो कुठला नाताळ?

निरोपातले शहर बहुतेक वेळा बर्मिंगहॅम असते. लंडनखालोखाल इंग्लंडातले हे मोठे शहर. कारखान्यांचे, मजुरांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात मीरपूर, पंजाब, सिल्हेट इथून माणसे तिथे गेली आणि स्थिरावली. २००१ च्या जनगणनेत तिथले मुसलमान शेकडा चौदाच्या आसपास होते, २०२१ साली ते तिसाच्या जवळ पोहोचले. म्हणजे गोष्ट रचायला शहर अगदी सोयीचे.

१९९७ साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेसमोर वेगळाच प्रश्न होता. शहराच्या मधल्या भागाची नव्याने उभारणी झाली होती आणि हिवाळ्यात लोकांनी तिथे यावे, खरेदी करावी, खावे-प्यावे अशी तिची इच्छा होती. त्या दिवसांत कार्यक्रमांची रीघ असे. दिवाळी, मुलांसाठी निधी गोळा करण्याचा बीबीसीचा वार्षिक कार्यक्रम, नाताळच्या दिव्यांचे उद्घाटन, बर्फावरचे खेळ, नाटके, नववर्षाची रात्र. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, खर्च वेगळा. पालिकेच्या कार्यक्रम विभागाने ठरवले की सगळ्यांना मिळून एकच नाव द्यायचे आणि एकच जाहिरात करायची. 'विंटर' आणि 'फेस्टिव्हल' यांची मोट बांधून त्यांनी शब्द तयार केला, 'विंटरव्हल'. शब्द कानाला गोड नाही, हे आम्हीही कबूल करतो. सरकारी कचेरीत जन्मलेले शब्द सहसा नसतातच. पण त्यामागचा विचार बाजाराचा होता, धर्माचा नव्हता. पहिल्या वर्षी हा मोसम ४१ दिवसांचा होता, दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, तो आणखी लांबला.

त्या दोन वर्षांत नाताळ कुठे गेला होता? कुठेच नाही. पालिकेच्या मुख्य इमारतीवर 'मेरी ख्रिसमस' असा फलक होता. चौकाचौकांत नाताळची झाडे होती. शाळांतली मुले येऊन नाताळची गाणी म्हणत होती. महापौरांनी नेहमीप्रमाणे नाताळची शुभेच्छापत्रे पाठवली होती. पालिकेने हे सगळे वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. कार्यक्रम विभागाच्या प्रमुखांचे म्हणणे असे की या सगळ्या मोसमाचा गाभा नाताळ हाच होता.

पण १९९८ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमचे बिशप मार्क सँटर यांनी आपल्या पाद्र्यांना लिहिलेल्या संदेशात या नावाची खिल्ली उडवली. नाताळचे नाव घ्यायला लाजणाऱ्यांनी काढलेली ही पळवाट आहे, असा त्यांचा सूर होता. बिशपांचा राग आम्ही समजू शकतो. आपला सण दुसऱ्या कुणाच्या यादीत एक बाब म्हणून छापला गेला तर कुठल्याही श्रद्धावंताला टोचेल. उद्या रमजानला कुणी 'खाद्यमहोत्सव' म्हटले तर आम्हालाही टोचेल. मुंबईत काही जण ते म्हणू लागलेच आहेत. बिशपांनी बोट दाखवले होते ते नगरपालिकेकडे. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि दोन-चार वर्षांत ते बोट कधी आमच्याकडे वळले ते कुणालाच कळले नाही. 'बर्मिंगहॅमने नाताळचे नाव बदलले' यापुढे 'कारण अल्पसंख्याकांना वाईट वाटू नये' हे शेपूट जोडले गेले. मग 'अल्पसंख्याक' या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याने आपापल्या मनाने लावला, आणि २००१ नंतरच्या वातावरणात तो कोणता लागणार होता हे सांगायला नको.

या प्रकरणाचे जे जे आमच्या वाचनात आले, त्यात बर्मिंगहॅमच्या एकाही मशिदीचे पत्र नाही, एकाही मुस्लिम नगरसेवकाचा ठराव नाही, एकही मोर्चा नाही. विंटरव्हल १९९८ नंतर संपले. गोष्ट मात्र संपली नाही. २०१० साली इंग्लंडच्या एका मंत्र्याने विंटरव्हल कचऱ्याच्या टोपलीत टाकण्याजोगे आहे अशी घोषणा केली. बारा वर्षांपूर्वी बंद पडलेली वस्तू! अखेर एका वाचकाने चिकाटीने तक्रार लावून धरली आणि ८ नोव्हेंबर २०११ रोजी 'डेली मेल' या वर्तमानपत्राला दुरुस्ती छापावी लागली. विंटरव्हल हे धार्मिक आणि इतर कार्यक्रमांच्या एका मोसमाचे सामायिक नाव होते, त्याने नाताळचे नाव बदलले नाही की त्याची जागा घेतली नाही, असे त्यात कबूल केले होते. चौदा वर्षांनी आलेली ती इवलीशी दुरुस्ती किती जणांनी वाचली असेल? आमच्या मित्रांच्या मोबाइलवर ती अजून पोहोचलेली नाही.

इंग्लंडात नाताळवर खरोखरची, कायद्याने बंदी आली होती, हे मात्र खरे आहे. फक्त ती घालणारे कोण होते, हे निरोपात नसते.

सतराव्या शतकाच्या मध्याला राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. पार्लमेंटमध्ये प्युरिटन पंथाच्या कडव्या ख्रिस्ती मंडळींचा जोर होता. १६४४ साली २५ डिसेंबरला बुधवार आला. दर महिन्याचा शेवटचा बुधवार पार्लमेंटने उपवासासाठी नेमून दिला होता. मग नाताळ करायचा की उपवास? पार्लमेंटने सांगितले, उपवास. पूर्वजांनी या दिवशी जी चैन केली तिचा पश्चात्ताप म्हणून तर अधिकच कडक उपवास. पुढे जून १६४७ मध्ये वटहुकूमच निघाला: नाताळ, ईस्टर आणि इतर सण रद्द. कामकऱ्यांना विसावा हवा म्हणून बदली सुट्टी दिली दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची.

प्युरिटनांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे बायबलात कुठे लिहिले आहे? पहिल्या अनुयायांनी हा सण केला होता का? नाही. मग हे पुढच्या लोकांनी घुसडलेले आहे. पोपच्या चर्चचा तो प्रघात आहे. आणि त्या निमित्ताने दारू, जुगार, धिंगाणा चालतो. वाचता वाचता आम्हाला हसू आले, कारण हा युक्तिवाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ईद-ए-मिलाद साजरी करावी की नाही, ताजिया काढावा की नाही, उरूस भरवावा की नाही, यावर आपल्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यात झडणारे वाद आठवून पाहा. 'हे बिदअत आहे' असे म्हणणारे आमचे मौलवी आणि लंडनचे ते प्युरिटन एका बाकावर बसले असते तर भाषा सोडून त्यांचे सगळे जमले असते.

लोकांनी मात्र ऐकले नाही. १६४७ च्या नाताळला कँटरबरीत महापौरांनी हुकूम काढला की बाजार नेहमीसारखा उघडा राहील. मोजक्याच दुकानदारांनी दुकाने उघडली. जमावाने ती बंद करायला लावली, माल रस्त्यावर फेकला. चौकात फुटबॉल आले, दारांवर हॉलीच्या हिरव्या फांद्या लागल्या, महापौरांनाही धक्काबुक्की झाली. पुढच्या वर्षी केंट परगण्यात जे बंड उसळले त्याची एक ठिणगी इथली होती. १६६० साली राजेशाही परतली तेव्हाच नाताळ उजळ माथ्याने परतला. या बंदीचे खापर सर्रास क्रॉमवेलच्या डोक्यावर फोडतात, पण १६४७ साली सत्ता त्याच्या एकट्याच्या हाती नव्हती, वटहुकूम पार्लमेंटचा होता. बिचाऱ्या क्रॉमवेललाही अफवेने सोडलेले नाही!

अटलांटिकच्या पलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत याच विचाराच्या लोकांनी १६५९ साली कायदा केला. नाताळ म्हणून काम बंद ठेवील किंवा मेजवानी करील त्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ पर्यंत होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. तोवर तिथली माणसे २५ डिसेंबरला कामावर जात होती, आणि त्यासाठी एकाही मुसलमानाची गरज पडली नव्हती.

असे असताना 'नाताळवर हल्ला' ही ओरड आली कुठून? तिचा माग काढत गेलो तेव्हा अमेरिकेत पोहोचलो, आणि तिथे आम्हाला आमच्या आधीचे आरोपी भेटले.

पहिले आरोपी होते ज्यू. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याच्या मालकीचे एक साप्ताहिक होते. १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्ध लेखमाला चालली आणि पुढे ती 'द इंटरनॅशनल ज्यू' या नावाने पुस्तकरूपात निघाली. तिच्यात एक तक्रार अशी होती की हल्ली नाताळच्या शुभेच्छापत्रांत कुणाच्या जन्माचा हा सण आहे हेच सापडत नाही, आणि यामागे ज्यू आहेत. फोर्डने १९२७ साली माफी मागितली. तोवर विष पसरायचे तेवढे पसरले होते, अमेरिकेत आणि जर्मनीतही. गंमत पाहा, अमेरिकेत नाताळचे म्हणून जे गाणे घराघरात गेले ते 'व्हाइट ख्रिसमस' लिहिणारा, त्याला चाल लावणारा आयर्विंग बर्लिन हा रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा.

दुसरे आरोपी कम्युनिस्ट. १९५९ साली जॉन बर्च सोसायटी या अतिउजव्या संघटनेने एक पत्रक छापले. मोठ्या दुकानांत नाताळच्या सजावटीऐवजी संयुक्त राष्ट्रसंघाची चिन्हे लावून ख्रिस्ताला नाताळमधून हाकलण्याचा लाल कट शिजतो आहे, असे त्यात होते. पुढे २००४-०५ च्या सुमारास फॉक्स न्यूज वाहिनीने हीच ओरड रोजच्या कार्यक्रमात आणली, 'नाताळविरुद्ध युद्ध' असे तिला नाव मिळाले. तेव्हा आरोपी होते उदारमतवादी, नास्तिक आणि 'हॅपी हॉलिडेज' म्हणणारे दुकानदार. इंग्लंडात याच सुमाराला ती जागा मुसलमानांना मिळाली. फिर्याद शंभर वर्षे तीच आहे, पिंजऱ्यातला माणूस तेवढा बदलतो.

आमच्या मनात हे वाचून थोडा गुन्हेगारी आनंद झाला, की चला, आपण एकटे नाही. पण ज्यूंवरच्या त्या आरोपांचा शेवट युरोपात कुठे झाला हे आठवल्यावर तो आनंद टिकला नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या निरोप पाठवणाऱ्यांसारखेच. सगळ्याच बातम्या बनावट नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये नाताळच्या दिव्यांना 'हिवाळी प्रकाशोत्सव' म्हणायची टूम निघाली होती. २०२१ साली युरोपियन कमिशनने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी भाषा जपून वापरण्याची एक पुस्तिका तयार केली. सगळेच ख्रिस्ती आहेत असे गृहीत धरू नका, 'नाताळचे दिवस' ऐवजी 'सुट्टीचे दिवस' म्हणा, उदाहरणात मारिया आणि जॉन याऐवजी मलिका आणि हुलिओ अशी नावे घ्या, असा सल्ला त्यात होता. व्हॅटिकनपासून सगळीकडून टीका झाली आणि ३० नोव्हेंबरला ती पुस्तिका मागे घेतली गेली. अशी माणसे आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. परधर्मीयाला परके वाटू नये असे त्यांना मनापासून वाटते. पण त्या पुस्तिकेतली मलिका एकदा तरी त्यांच्या कचेरीत येऊन म्हणाली होती का, की तुमच्या नाताळने माझा जीव गुदमरतो?

ऑक्सफर्डला तर उलटेच घडले. तिथल्या मुस्लिम संघटनेच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे नाराजी सांगितली. नाताळ हा खास सण आहे, त्याचे नाव का काढता, असे त्यांनी विचारले. शहरातले ज्यू रब्बीही त्यांच्या बाजूने बोलले. त्याच्या दोन वर्षे आधी, २००६ मध्ये, इंग्लंडातल्या ख्रिश्चन-मुस्लिम फोरमने निवेदन काढले होते. आमच्या नावावर सार्वजनिक जीवनातून ख्रिस्ती सण पुसून टाकू नका, अशाने अतिरेकी उजव्यांना आयते बळ मिळते आणि रोष आमच्यावर येतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे मुसलमानांनी या बाबतीत तोंड उघडले ते नाताळच्या बाजूने. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकले होते. इथे संन्याशाने चोरी होऊ नये म्हणून ओरडा केला होता, तरी सुळी त्यालाच.

या सज्जन अधिकाऱ्यांचे सर्वांत मोठे अज्ञान म्हणजे, येशूच्या जन्माच्या देखाव्याने मुसलमान दुखावेल असे त्यांना वाटते. ज्याच्या कुराणात एका संपूर्ण सूरहचे नाव मरियम आहे, तो? कुराणात हजरत ईसा अलैहिस्सलाम यांचे नाव पंचवीस वेळा येते, आणि बीबी मरियम यांचे चौतीस वेळा, बायबलच्या नव्या करारापेक्षाही अधिक. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेली, एकटी, लोक काय म्हणतील या धास्तीने गावापासून दूर गेलेली ती मुलगी खजुराच्या खोडाला टेकते. मरण आले असते तर बरे, असे तिच्या तोंडून निघते. तेव्हा तिला सांगितले जाते की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, हे खोड हलव, ताजे पिकले खजूर तुझ्यावर पडतील. गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. पण बाळंतिणीच्या एकटेपणाचे इतके कोवळे वर्णन आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले आहे. हिजरतीच्याही आधी मक्केतला छळ सोसेना म्हणून जे मुसलमान हबशांच्या देशात आश्रयाला गेले, त्यांना परत मागायला कुरेशांचे वकील आले. तेव्हा तिथल्या ख्रिस्ती राजासमोर, नजाशीसमोर, हजरत जाफर यांनी याच सूरहच्या आयती म्हटल्या. सीरतच्या ग्रंथांत लिहिले आहे की राजाची दाढी अश्रूंनी भिजली आणि त्याने निर्वासितांना परत पाठवायला नकार दिला. येशूजन्माची कथा सांगून ज्यांच्या पूर्वजांनी आश्रय मिळवला, त्यांना त्या कथेपासून वाचवायला निघालेत!

अर्थात येशू ईश्वराचा पुत्र आहे हे आम्ही मानत नाही. मतभेद तिथे आहे आणि तो मोठा आहे. पण मतभेद म्हणजे भावना दुखावणे नव्हे.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की कुणाच्याही भावनांची दखल घेणे हेच मुळात खूळ आहे. नेदरलँड्समध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सिंटरक्लास म्हणजे संत निकोलसचा सण असतो. त्याच्यासोबत काळा पीट नावाचा नोकर असतो. १८५० साली यान शेंकमन नावाच्या शिक्षकाने लिहिलेल्या बालपुस्तकात तो पहिल्यांदा अवतरला, आणि पुढे स्पेनमधला 'मूर' म्हणून रूढ झाला. गोरी माणसे तोंडाला काळे फासून, लाल ओठ रंगवून, कुरळ्या केसांचा टोप घालून पीट होत. सुरीनाम आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या, गुलामांचे वंशज असलेल्या काळ्या डच नागरिकांच्या मुलांना शाळेत याच नावाने चिडवत. त्यांनी स्वतः तक्रार केली, वर्षानुवर्षे केली. २०११ साली या प्रथेला वर्णद्वेष म्हणणारा सदरा घालून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी फरफटत नेले. पण वाद थांबला नाही. शहराशहरांतून पीटचे रूप बदलत गेले, आणि पूर्वी या प्रथेची पाठराखण करणारे पंतप्रधान मार्क रुटे २०२० मध्ये म्हणाले की आपले मत बदलले आहे. तिथे दुखणे ज्याचे होते तोच बोलला होता. ऐकायला उशीर झाला एवढेच. बर्मिंगहॅमच्या गोष्टीत दुखणाराच नाही.

हे सगळे आम्हाला इतके ओळखीचे का वाटते? कारण आपल्याकडे याला एक खास शब्द आहे, लांगूलचालन. हिंदुस्थानातल्या मुसलमानाला तो पाळण्यापासून ऐकू येतो. ज्याचे लांगूलचालन झाले म्हणतात त्याच्या हातात नक्की काय पडले, हे कुणी विचारत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोच्या बाजूने निकाल दिला, १९८६ साली संसदेने कायदा करून त्यातली धार काढून घेतली. कुणाच्या भावना जपल्या? मुसलमानांच्या, असे सांगितले गेले. मग पोटगी मागणारी ती म्हातारी कोण होती? मोर्चे काढणारे मुसलमान आणि तलाक मिळालेली मुसलमान नाही! त्या एका निर्णयाची किंमत आम्ही पुढची चाळीस वर्षे मोजतो आहोत, आणि ती मोजताना शाहबानोच्या बाजूने उभे राहिलेल्यांनाही सवलत मिळालेली नाही. बर्मिंगहॅमच्या अधिकाऱ्याने निदान कुणा मौलानालाही विचारले नव्हते. आपल्याकडे विचारतात, पण ठरावीक माणसांनाच.

आणि आपल्या घरातले झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. मित्रांच्या त्या निरोपाबरोबर डिसेंबरात आमच्या मोबाइलवर दुसराही एक निरोप येतो, आपल्याच बिरादरीतून: 'मेरी ख्रिसमस' म्हणणे हराम आहे. सोबत इब्न कय्यिम यांचा हवाला. दुसऱ्या बाजूला युरोपातल्या उलेमांच्या फतवा परिषदेने शेजाऱ्यांना त्यांच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला हरकत नाही असे म्हटले आहे, तो निरोप मात्र कुणी पुढे पाठवत नाही. बाहेरचा म्हणतो, मुसलमानाला नाताळ सहन होत नाही, आणि आतला त्याला पुरावा पुरवतो. दोघांचे साटेलोटे नसेल, पण धंदा एकमेकांवर चालतो. नाताळला खरोखर कुणाचा उपद्रव होतो हे पाहायचे तर आपल्याच देशात पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळले गेले. जाळणारे मुसलमान नव्हते.

सणावरून सण येतात तेव्हा काय करायचे हे खरे तर मुंबईतल्या साध्या माणसांना कुणी शिकवायला नको. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमध्ये बैठक झाली आणि जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले. मग सरकारने सुट्टीही २९ ला नेली. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच प्रसंग आला आणि पुन्हा जुलूस पुढे गेला. गणपतीचे नाव बदला असे कुणी म्हटले नाही, मिलादचेही नाही.

बर्मिंगहॅमला विंटरव्हल चालू होते त्या १९९८ च्या डिसेंबरात आम्ही माझगावला राहत होतो. त्या वर्षी नाताळ रमजानात आला होता, सुरुवातीच्याच रोज्यांत. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होते. त्या आंटी दर वर्षी आमच्यासाठी रम न घालता वेगळा केक भाजत, नेवऱ्यांचे आणि दोदोलचे ताट भरून सकाळी सकाळी पाठवत. त्या दिवशी सकाळी ताट आले नाही. आंटीच आल्या. दारातूनच त्यांनी अम्मीला विचारले, "रोजे चालू आहेत ना? मग आत्ता देऊ की मगरिबनंतर?"

अम्मी म्हणाली, "पोरांना आत्ता दे, आमचं संध्याकाळी."

दोन ताटे आली. संध्याकाळी अजान झाल्यावर आम्ही खजुराने रोजा सोडला आणि मग केक कापला. ताट रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून अम्मीने त्यात भजी घालून दिली, आणि जानेवारीत ईदला शीरखुर्म्याचे भांडे गेले ते आठवडाभर परत आले नाही. आंटींना ते भांडे आवडले होते.